संगणकाला आमचा आजा सापडेल काय?

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य वक्तृत्व स्पर्धांतून ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. नाव टाका, कळ दाबा, सात पिढ्यांची वंशावळ पडद्यावर पाहा, असे आता सांगितले जाते. परदेशात हा सुटीच्या दिवसाचा छंद असेल. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र वंशावळ हा छंद नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील शंभरातील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. जमातीचा दाखला पडताळून घ्यायचा, तर वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते आणि तिच्यातील नावे जुन्या कागदांशी जुळावी लागतात. राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. म्हणून त्यापूर्वीच्या कागदाला विशेष वजन. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, यांपैकी काहीतरी हवे. नोकरी किंवा व्यावसायिक शिक्षणाची जागा त्या एका नावावर अडून राहते.

माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या आजोबांचे नाव एका कागदावर बुधा, दुसऱ्यावर बुध्या आणि तिसऱ्यावर बुधाजी असे आहे. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या, सोमवारी जन्मला म्हणून सोम्या, ही आमच्याकडची जुनी रीत. लिहून घेणाऱ्या गुरुजींना किंवा तलाठ्यांना जसे ऐकू आले, तसे त्यांनी लिहिले. त्यात त्यांचाही फारसा दोष नाही. पण यंत्राच्या दृष्टीने ही तीन माणसे झाली, त्याला काय करावे?

वंशावळीची माहिती संगणकात ठेवण्याची जेडकॉम नावाची एक पद्धत आहे. ती अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ साली काढली आणि आज जगभर चालते. तिच्यात प्रत्येक माणसाची नोंद वेगळी असते आणि आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये लिहितात. रचना सुबक आहे, यात शंका नाही. पण ती आडनाव असलेल्या समाजाच्या सवयीतून घडली. आमच्या कित्येक आज्या-पणज्यांना आडनाव चिकटले ते शाळेच्या किंवा सरकारी दप्तरात. शिवाय येथे वळवी, वसावे, पाडवी, गावीत अशी थोडीच आडनावे आहेत. नुसत्या आडनावाने शोधले, तर आजोबांऐवजी सारे गावच हाती लागायचे!

उच्चारावरून शोधण्याची युक्तीही जुनीच आहे. साउंडेक्स या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतले गेले. नावाचे पहिले अक्षर कायम ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. ही पद्धत आपल्या सीमेवर लावून पाहा. महाराष्ट्रातील वसावे हे गुजरातेत वसावा होतात. इंग्रजी लिपीत लिहून दोघांचे अंक काढले, तर एकच उत्तर येते, व्ही २१०. छान! परंतु आपल्याकडील गावीत तिकडे गामित होतात. त्यांचे उत्तर जी १३० आणि जी ५३० असे वेगवेगळे. १९६० साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागांतील काही गावे गुजरातेत गेली. एक भाऊ अलीकडे, एक पलीकडे. माणसांना आपले नाते ठाऊक आहे. यंत्राला व आणि म मधले नाते ठाऊक नाही.

मग यंत्र टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी जाणकारांची मदत घेतली गेली आणि नोंदींच्या प्रती संगणकावर आल्या. आधी दप्तर, मग वाचणारा, मग यंत्र, हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे. आपल्याकडेही कोतवाल बुके आणि शाळांची रजिस्टरे वाळवी लागण्यापूर्वी टिपली जावीत. शोध केवळ नावावर न ठेवता गाव, बापाचे नाव आणि कूळ यांवरही करता यावा. सोयरीक जुळवताना आपली म्हातारी माणसे नेमके हेच विचारतात. आणि 'नोंद आढळत नाही' या उत्तराचा अर्थ 'असा माणूस नव्हता' असा कोणीही करू नये.

आणखी एक गोष्ट. पडताळणीची वंशावळ बापाच्या बाजूने चालते. तिच्यात आजा, पणजा, चुलता सारे येतात. आजी कोठे येते? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, हे चांगलेच झाले. पण ज्या बायांनी सावकाराचे देणे फेडत घर उभे केले, त्यांची नावे कोणत्या रकान्यात शोधायची?

याचे उत्तर आपल्या हातात आहे, असे मला वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. एका वर्षी एक वही घेऊन पाड्यापाड्यावर जाऊ या. म्हातारी माणसे सांगतील ती नावे, जशी उच्चारतील तशीच, आज्यांच्या नावांसह लिहून घेऊ या. ही वही कोणत्याही कार्यालयात पुरावा ठरणार नाही, हे खरे. परंतु पुरावा कोठल्या गावी, कोणत्या नावाने शोधायचा हे तीच सांगेल. यंत्रे पुढेही सुधारत राहतील. सांगणारी माणसे मात्र दर पावसाळ्यात कमी होत आहेत.