गुरुवार आला नसता तर

सभागृह गच्च भरले होते. पडद्यावर रात्रीचे आकाश, कोपऱ्यात उलटा पळणारा वर्षाचा आकडा. तो थांबला आणि वक्त्यांनी जाहीर केले की महाभारतातल्या युद्धाचा पहिला दिवस हाच. टाळ्या थांबेनात. मग सांगणे असे: ग्रहांची गती गणिताने दिली, समीकरणे भौतिकीने दिली, आकाश खगोलशास्त्राने दाखवले आणि समुद्रतळावरचा पुरावा पुरातत्त्वाने दिला. चार शास्त्रे एकमुखाने बोलत असताना जो शंका घेतो, तो एकतर अडाणी किंवा मनाने अजून परक्यांचा गुलाम.

मी उठून एवढेच विचारले, "या तारखेत चूक किती वर्षांची असू शकते?" उत्तराऐवजी माईक पुढच्या रांगेत गेला.

चाळीस वर्षे गणित शिकवले. चूक किती असू शकते हे न सांगता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तिथे तर चार शास्त्रांच्या नावाने टाळ्या घेतल्या जात होत्या, आणि त्या चारांतले एक माझे आहे. म्हणून हे लिहिणे.

आधी पुराव्याकडे पाहू. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला व्यास धृतराष्ट्राला अशुभ निमित्ते सांगतात. शनी रोहिणीला पीडा देतो आहे, असे तिथे आहे. थोडे पुढे गेले की शनी आणि गुरू विशाखेजवळ वर्षभर ठाण मांडून आहेत, असेही आहे. आणि सूर्यपुत्र, म्हणजे शनीच, भग नक्षत्राला पीडतो आहे, असेही आहे. शनीला राशिचक्राच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. एका नक्षत्रात तो साधारण तेरा महिने असतो. रोहिणीपासून विशाखेपर्यंत जायला त्याला तेरा वर्षे लागतील. युद्ध अठरा दिवसांचे. मग हे आकाशाचे निरीक्षण कसे?

यावर ठरलेले उत्तर आहे: एका ठिकाणी शनीचा वास समजायचा, दुसऱ्या ठिकाणी दृष्टी. फलज्योतिषात शनीला तिसरी, सातवी आणि दहावी अशा तीन दृष्टी आहेत. स्वतःची रास धरली तर बारांपैकी चार राशी त्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे कोणतेही वर्ष काढा, तीनात एकदा शनी हव्या त्या राशीला पीडा देताना सापडणारच. एवढी सैल अट घालून जुळलेल्या तारखेला शोध म्हणायचे का?

अट घट्ट केली तरी काय होते ते पाहा. शनी अमुक एका नक्षत्रात आणि त्याच वेळी गुरू अमुक एका नक्षत्रात, असे सहा हजार वर्षांत साधारण वीस-पंचवीस वेळा घडावे. हा हिशेब नववीच्या मुलालाही कागदावर करता येतो. त्या वीस-पंचवीसांतून एक निवडताना कोणता श्लोक शब्दशः घ्यायचा, कोणता रूपक म्हणून सोडायचा, ‘ग्रह’ म्हणजे कुठे ग्रह आणि कुठे धूमकेतू, हे सगळे वक्त्याच्या हातात. इ.स.पू. 3067 ही तारीख याच पर्वातल्या ग्रहस्थितींवरून काढली गेली, आणि इ.स.पू. 5561 हीसुद्धा. दोन्हींच्या बाजूचे लोक सांगतात की सगळे तंतोतंत जुळते. मधले अंतर 2494 वर्षांचे आहे! इतके अंतर ठेवून दोन उत्तरे तंतोतंत जुळत असतील, तर दोष जुळवण्याच्या रीतीत आहे.

आणि त्याच निमित्तवर्णनात आणखी काय आहे? गायींच्या पोटी गाढवे जन्मत आहेत. देवांच्या मूर्ती कापत आहेत, हसत आहेत, रक्त ओकत आहेत. अरुंधती वसिष्ठाच्या पुढे गेली आहे. महाकवी इथे जगाची घडी मोडताना दाखवतो आहे. वर ग्रह वाकडे चालतात, खाली गाई वाकड्या वितात, सगळे एकाच भयाचे चित्र. ते वाचताना अंगावर काटा येतो. यातून गाढवे गाळायची, मूर्ती गाळायच्या आणि शनी तेवढा वेधशाळेच्या नोंदीसारखा वाचायचा, हा काव्यावरही अन्याय आहे आणि खगोलशास्त्रावरही. पुण्यात भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षे पंडितांनी 1,259 हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कोणता श्लोक कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही, हे त्यांनी पानोपानी तळाशी नोंदवून ठेवले आहे. पडद्यावर श्लोक झळकवण्याआधी ती तळटीप पाहायला किती वेळ लागतो?

व्याख्यानाहून परतल्यावर मी घरच्या लॅपटॉपवर तसलेच आकाश उघडले. अशा संगणकीय प्रणालींत शून्य वर्ष असते, त्यामुळे इ.स.पू. 3067 साठी उणे 3066 लिहावे लागते. लिहिले. क्षणात कुरुक्षेत्राचे क्षितिज, चंद्र, तारे, सारे स्वच्छ. घड्याळ सेकंदापर्यंत. हे सेकंदच माणसाला फसवतात. भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावत आहे. दिवस शतकामागे दोनएक सहस्रांश सेकंदाने लांबतो. क्षुल्लक वाटते, पण ते साठत जाते. इ.स.पू. 3000 च्या सुमारास पोचेपर्यंत पृथ्वीच्या घड्याळातला फरक वीसेक तासांवर जातो. हा आकडा नोंदींचा नाही, सूत्र मागे ताणून काढलेला आहे. ग्रहणांच्या विश्वासार्ह नोंदी इ.स.पू. आठव्या शतकाच्या मागे जवळजवळ मिळत नाहीत. ताणलेल्या सूत्रात तासाभराची चूक धरली, तरी खग्रास ग्रहणाची सावली पंधरा अंश सरकते. कुरुक्षेत्रावरचे ग्रहण थेट इराणात! पडद्यावर मात्र ते ब्रह्मसरोवराच्या काठावर दिसते, मिनिटासकट.

समुद्रतळाच्या पुराव्याबद्दल एका ओळीत: कार्बन-14 ने तिथे मिळालेल्या लाकडाचे वय कळते, ते लाकूड ज्या गाळात सापडले त्या गाळातल्या ‘नगरा’चे कळत नाही. हा वाद वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी घातला होता. तेव्हाही मला उत्तरादाखल माझ्या देशप्रेमाबद्दल प्रश्न आला होता, लाकडाबद्दल एक अक्षर नव्हते. आणि हस्तिनापूरला 1950 ते 52 मध्ये खणले तेव्हा चित्रित करड्या भांड्यांची जी वस्ती सापडली, ती इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या आसपासची. तिला दोन हजार वर्षे मागे ढकलणारे खापर अजून कुणी दाखवलेले नाही.

युद्ध झालेच नाही, असे मी म्हणत नाही. शास्त्रे एकत्र येऊ नयेत, असे तर मुळीच नाही. ती एकत्र आली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ उभा आहे. त्यावर कोरले आहे: वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. वर्ष गुप्त संवताचे. पण तो संवत सुरू कधी झाला, यावर एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांचे एकमत नव्हते. अल्-बिरूनी लिहून गेला होता की शकानंतर 241 वर्षांनी, म्हणजे इ.स. 319 मध्ये. खरे कशावरून? दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, शिक्षकी पेशातला माणूस, पंचांगगणिताला बसले. 165 अधिक 319, 484. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या दिवशी? हाताने, कागदावर, चंद्रसूर्यांच्या गतीवरून उत्तर निघाले: 21 जून 484. वार गुरुवार.

तो शुक्रवार निघू शकला असता. सातांपैकी सहा वार त्या मताच्या विरोधात होते आणि दगडावरचा वार कुणाला बदलता येत नव्हता. तरी एका गुरुवारावर कुणी थांबले नाही. इतर लेखांतल्या तिथ्या तपासल्या गेल्या. मंदसोरचा लेख आला, कुमारगुप्ताचे नाव आणि मालव संवत 493, म्हणजे इ.स. 436 घेऊन, आणि तोही त्याच चौकटीत बसला. गुप्तलेखांचे संपादक फ्लीट यांच्या 1888 च्या ग्रंथात हे सारे आहे. गुप्तकाळाच्या ज्या तारखा आज शाळकरी मुले पाठ करतात, त्या या पायावर उभ्या आहेत.

असेच दामोदर कोसंबी. गणिताचा हा प्राध्यापक तक्षशिलेची आहत नाणी एकेक करून तराजूत घालत बसला, कारण हातोहात फिरताना नाणे झिजते आणि झीज मोजता येते. जुन्या नाण्यांवर विसंबण्याआधी त्याने आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलून पाहिली, की नियम खरेच लागू पडतो का.

आणि बाबिलोनची ती मातीची पाटी. 15 एप्रिल, इ.स.पू. 136 ला तिथे खग्रास ग्रहण दिसल्याची नोंद तिच्यावर आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत आली असती, तर ती सावली पश्चिमेला जवळजवळ 49 अंश सरकून पडायला हवी होती. ती बाबिलोनवर पडली. पाटी वाचणाऱ्यांनी पाटी खोटी म्हटली नाही, की श्लोकासारखा तिचा अर्थ वाकवला नाही. त्यांनी त्या 49 अंशांतून पृथ्वीच्या घड्याळाची सव्वातीन तासांची तफावत काढली. व्याख्यानातल्या सॉफ्टवेअरमध्ये पृथ्वीच्या मंदावण्याची जी दुरुस्ती भरलेली आहे, ती अशाच पाट्यांवरून आली आहे.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात त्याच वक्त्यांचे दुसरे व्याख्यान आहे, रामायणकाळावर. मी जाणार आहे. प्रश्न या वेळी लिहून नेणार आहे आणि त्याखाली आणखी एक ओळ जोडणार आहे: आकाशात काय दिसले असते तर तुम्ही ही तारीख सोडून दिली असती?