तोडणीची पाळी आणि चिठ्ठी

सभासद बंधूंनो,

घटनेनं सगळ्यांना समान मानलं. सहकार कायद्यानंही एका सभासदाला एकच मत दिलं, मग शेअर एक असो की पन्नास. सभेत आपण हे पाळतो, फडात विसरतो. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड ठरलेली असताना "साहेब, आमचं तेवढं आधी बघा" अशी चिठ्ठी येते. (चिठ्ठी देणाराही १५ ऑगस्टला झेंड्याखाली असतोच!) गेल्या हंगामात मीही एकाची पाळी पुढे ओढली. त्यापायी एका भगिनीचा आडसाली ऊस तुरा येऊन पोकळ पडला, वजन घटलं. चूक माझीच. यंदा लागणीची तारीखवार यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लावतोय. आपली पाळी बघा; डावलली गेली तर मला तिथंच विचारा.

— ऊस विकास अधिकारी