संपादकीय : दोन किनारे





आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस मनःपूर्वक आनंद होत आहे. या पानावर वर्षभराच्या कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. परंतु तो आढावा यंदा चिटणीसांच्या अहवालात सविस्तर आला असल्याने ही जागा आम्ही एका लहानशा प्रश्नासाठी वापरीत आहोत. प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलीचा आहे. त्याचे उत्तर मात्र आपणांपैकी प्रत्येकाला आपापल्या घरी कधी ना कधी द्यावेच लागणार आहे.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब दोन वर्षांपूर्वी सिंगापूरच्या नोव्हेना भागात राहावयास आले. पती, पत्नी आणि एक मुलगी. भाड्याच्या घरासाठी त्यांना दीड महिना हिंडावे लागले. दूरध्वनीवर "भारतीय आहात का? घरात स्वयंपाक फार होतो का?" एवढे विचारून दोघा-तिघा घरमालकांनी नकार दिला. ते गृहस्थ आम्हांस हसत म्हणाले, "मायदेशी आडनाव विचारून नकार मिळायचा, इथे देश विचारून मिळाला." अखेर घर मिळाले, मुलीची शाळा ठरली, लिटल इंडियातील वाण्याची ओळख झाली. दिवाणखान्याच्या भिंतीवर तथागतांची प्रतिमा आणि परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र लागले आणि संसार रुळला.

नोव्हेनाहून समुद्र दिसत नाही. पण तो दूरही नाही. नोव्हेनाहून दोन स्थानके पुढे ऑर्चर्डला गाडी बदलली की जून २०२४ पासून सुरू झालेल्या मार्गाने मरीन परेडपर्यंत जाता येते आणि तेथून थोडे चालले की ईस्ट कोस्टचा किनारा लागतो. दर रविवारी हे कुटुंब तेथे जाऊ लागले. सुरूची झाडे, नारळी, भाड्याच्या सायकली, वाळूत खेळणारी चिनी, मलय, तमिळ मुले आणि क्षितिजावर नांगर टाकून उभी असलेली जहाजे. हा किनारा निसर्गाने दिलेला नाही. १९६६ पासून समुद्रात भराव घालून तो निर्माण करण्यात आला. १९६० च्या सुमारास सुमारे ५८१ चौरस किलोमीटर असलेला हा देश आज ७३० चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या नावावर सातबाराच्या उताऱ्यात एक गुंठाही नव्हता, त्या आपणांसारख्यांना या गोष्टीचे विशेष वाटल्यावाचून राहत नाही.

एका रविवारी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलीने विचारले, "बाबा, आजोबा लहानपणी असेच पाण्यात खेळायचे का?"

आजोबांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. गावात पाण्याला तोटा नव्हता. पण गावविहिरीवर आमच्या माणसांनी घडा बुडवावयाचा नसे. कोणी वरून ओतील तेव्हा ओंजळ धरावयाची. पुढे आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मुंबईच्या गोदीत त्यांनी तीस वर्षे ओझी वाहिली. देशोदेशीची जहाजे त्यांनी भरली आणि रिकामी केली. परंतु एकाही जहाजातून प्रवास केला नाही. हे सारे त्या गृहस्थांच्या मनात क्षणात येऊन गेले. आणि मुलीला ते म्हणाले, "हो, खेळायचे की!" मग त्यांनी विषय बदलला.

मंडळाच्या बैठकीनंतर त्यांनी ही गोष्ट आम्हांस सांगितली. "तिला काय सांगू?" त्यांनी विचारले. "ती इतकी मोकळी आहे. तिच्या पाठीवर हे ओझे आताच का ठेवू?"

बंधू-भगिनींनो, हा विचार हलका नाही, आणि त्याला भित्रेपणा म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. ज्या बापाने स्वतः शाळेत सवलतीवरून टोमणे ऐकले, त्याला आपले मूल तरी त्यातून सुटावे असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय येथील वास्तव त्याच्या बाजूचे दिसते. येथील तरणतलावात उतरताना कोणी जात विचारीत नाही. शाळेत, खेळाच्या मैदानावर, उद्वाहनात शेजारी भेटतो तो 'जेवलात का?' एवढेच विचारतो. मग जे येथे नाही, त्याची आठवण मुलांना का द्यावी?

परंतु ते खरोखरच येथे नाही काय? भारतीयांच्या स्नेहसंमेलनात नाव सांगताच "पूर्ण नाव?" असे विचारणारे भेटतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "मूळ गाव कोणते?" हा प्रश्न येतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर "घरी गणपती किती दिवसांचा?" हा. आपणांपैकी अनेकांनी या तीन पायऱ्या चढल्या-उतरल्या आहेत. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात डॉ. केतकरांचा हवाला देऊन इशारा दिला होता की, हिंदू समाज पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन वसला तर जातीचा प्रश्न साऱ्या जगाचा होईल. त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यानंतर एकशे सात वर्षांनी, २०२३ साली, अमेरिकेतील सिएटल नगराला जातिभेदास बंदी करणारा कायदा करावा लागला. बाबासाहेबांची भीती किती खरी ठरली, याला आणखी वेगळा पुरावा नको.

म्हणून मुलीला सांगावे की न सांगावे, हा खरा प्रश्नच नाही. तिला ते कळणारच आहे. चौदा-पंधराव्या वर्षी एखाद्या भारतीय मैत्रिणीच्या घरी, एखाद्या विनोदातून, एखाद्या तुच्छतेच्या उद्गारातून ते तिच्या कानी पडेल. ते प्रथम दुसऱ्याच्या तोंडून कळावे की आपल्या, एवढीच निवड आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या तोंडून कळले तर ती लाज म्हणून कळेल. आपल्या तोंडून कळले तर लढा म्हणून कळेल.

आणि सांगावयाचे तरी काय? केवळ दुःख नव्हे. आपल्या इतिहासात पाण्याला आणि समुद्राला मोठे स्थान आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरी आमच्या माणसांना तेथे जाता येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सनातन्यांनी मंत्र म्हणून, पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. मग खटला चालला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली आपल्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे! आठ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट समजते. किंबहुना, स्वतःच्या वयाहून मोठा असलेला हा काळ तिला आपल्यापेक्षा अधिक चांगला समजतो.

समुद्र ओलांडणे हे ज्या धर्मशास्त्राने पाप ठरविले होते, त्याची पर्वा न करता बाबासाहेब १९१३ साली मुंबईहून बोटीने अमेरिकेस निघाले. आपण आज विमानाने येतो ती वाट त्या बोटीने पाडली आहे. आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यावर, दुसऱ्या दिवशी मुंबईत त्यांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला तो कोठे? दादरच्या चौपाटीवर, समुद्राच्या काठी. तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून असंख्य शोकाकुल माणसांनी धम्मदीक्षा घेतली. आज तेथे चैत्यभूमी उभी आहे. आपल्या मुलांचा किनाऱ्याशी संबंध ईस्ट कोस्टपासून सुरू होत नाही. तो दादरपासून सुरू होतो, हे त्यांना कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट. ज्या नोव्हेनात हे कुटुंब राहते, तेथील रस्त्यांची नावे वाचा : मोलमीन, मंडाले, इरावदी. ही सारी ब्रह्मदेशाची नावे आहेत. जवळच बालेस्टियर मार्गालगत ब्रह्मी बौद्ध विहार आहे. १९९१ पासून ते या जागी असून तेथे शुभ्र संगमरवराची भव्य बुद्धमूर्ती आहे. त्याच परिसरात १९५२ साली उभारलेले सिंहली बांधवांचे श्रीलंकारामय विहारही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातीलच. बाबासाहेब स्वतः जागतिक बौद्ध परिषदेसाठी १९५० साली सिंहलद्वीपात आणि १९५४ साली रंगूनला गेले होते. म्हणजे हे शेजार आपल्याला नवे नाही. २०२० च्या शिरगणतीनुसार सिंगापूरच्या रहिवाशांत बौद्धांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे आणि वैशाख पौर्णिमेला येथे सार्वजनिक सुटी असते. तरीही आपल्या मुलाला शाळेत विचारले जाते, "तू भारतीय, मग बौद्ध कसा?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला आपला इतिहास माहीत आहे त्यालाच देता येईल.

येथवर आम्ही इतरांना सांगितले. आता स्वतःचे सांगणे प्राप्त आहे.

आमच्या घरी मदतीला एक ब्रह्मी भगिनी आहे. गेल्या वैशाख पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब तिच्यासह वरील विहारात गेलो. त्या मूर्तीपुढे आम्ही सारे एका रांगेत गुडघे टेकून बसलो. तिची पाली उच्चारांची धाटणी आमच्याहून निराळी, पण शब्द तेच होते. घरी परतल्यावर पाणी पिताना आमच्या मुलाने विचारले, "आई, हिचा पेला खालच्या फळीवर का असतो?" कोणीही उत्तर दिले नाही. तो पेला तेथे ठेवावा असे आमच्या घरात कोणी कधी सांगितले नव्हते. तो आपोआप वेगळा झाला होता. ज्यांच्या आजीला ओंजळीने पाणी प्यावे लागले, त्यांच्या घरात तो वेगळा झाला होता. त्या दिवशी पेला वर गेला; पण मुलाने विचारेपर्यंत तो खालीच होता, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो आणि तरीही ते लिहिणे आवश्यक वाटते. घरकामगार भगिनींना साप्ताहिक सुटीचा हक्क येथील कायद्याने २०१३ पासून दिला आहे. त्या सुटीऐवजी पैसे देण्याची सोय होती. १ जानेवारी २०२३ पासून मात्र महिन्यातून किमान एक सुटी पैसे देऊन टाळता येत नाही. कायदा एवढेच सांगतो. पेला कोठे ठेवावा हे कायदा सांगत नाही, ते धम्म सांगतो.

परदेशात स्थिरावणे म्हणजे काय, याचा एक धडा नोव्हेनातच आहे. तेथील टॅन टॉक सेंग रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते गृहस्थ मलाक्काहून १८१९ साली सिंगापुरात आले. त्यांनी भाजी, फळे, कोंबड्या विकून आयुष्य सुरू केले. हाती पैसा आल्यावर १८४४ साली त्यांच्या देणगीतून निराधार गोरगरिबांसाठी रुग्णालयाची पायाभरणी झाली. जेथे आपण उतरलो तेथील दुबळ्यांसाठी काही उभे करणे, हीच स्थिरावल्याची खूण होय. घराची किल्ली आणि रहिवासाचा शिक्का ही फक्त सुरुवात आहे.

म्हणून आपणा सर्वांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या मुलांना आपल्या आजोबा-आजींची गोष्ट त्यांच्या वयाला पेलेल अशी, द्वेष न शिकविता, पण काहीही न लपविता सांगावी. ती मराठीतून सांगावी; कारण येथील शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती घेता येते, मराठी येत नाही. ती आपण घरी बोललो तरच टिकेल. महिन्यातून एकदा तरी मुलांना विहारात न्यावे. आणि आपल्या मिळकतीतील काही भाग मायदेशीच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसाठी, काही येथील गरजूंसाठी नियमाने बाजूला काढावा.

त्या आठ वर्षांच्या मुलीचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. पुढच्या रविवारी त्याच किनाऱ्यावर वडिलांनी तिला सांगितले, "मागच्या वेळी मी तुला बरोबर सांगितलं नव्हतं." मग त्यांनी विहिरीचे, ओंजळीचे, गोदीचे आणि चवदार तळ्याचे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारले, "ते तळं अजून आहे का?"

"आहे," वडील म्हणाले.

डिसेंबरच्या शालेय सुटीत ते कुटुंब मायदेशी जात आहे. सहा तारखेला चैत्यभूमीवर अभिवादन करून ते महाडला जाणार आहेत. जाण्यापूर्वी आजोबांना घेण्यासाठी गावी थांबणार आहेत. आजोबाही ते तळे प्रथमच पाहणार आहेत.

  

जयभीम! नमो बुद्धाय!

— संपादक मंडळ