हसणारा जवान पडद्यावर का नाही?

देवगड तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा पायपेटी आणि मृदंगाच्या तालावर तलवारी खणखणतात. त्याआधी आडदशावतारातला संकासुर मालवणी बोलीत साऱ्या गावाची फिरकी घेऊन गेलेला असतो. युद्ध, गायन आणि हास्य ही तिन्ही एकाच मांडवात नांदतात. देवाचाही त्याने अवमान होत नाही. मग रुपेरी पडद्यावर गणवेशातला जवान केवळ हुतात्मा होण्यासाठीच का यावा?

अमेरिकेत हा प्रश्न पडला नाही. सुटीवर आलेल्या दोन खलाशांची गाणी-नाचांनी भरलेली धमाल सांगणारा ‘अँकर्स अवे’ १९४५च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा जपानशी युद्ध चालूच होते. पुढे १९४९मध्ये ‘ऑन द टाउन’ आला. न्यूयॉर्कमध्ये चोवीस तासांची सुटी मिळालेल्या तीन खलाशांची ती कथा. दोन्हींत जीन केली आणि फ्रँक सिनात्रा होते. त्यामुळे तेथील नौदलाची प्रतिष्ठा तसूभरही उणावली नाही. उलट खलाशी घराघरांतला झाला.

आपल्याकडे १९६२च्या जखमेनंतर, १९६३मध्ये ‘छोटा जवान’ आला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सिंधुदुर्गाचे सुपुत्र वसंत देसाई यांचे संगीत आणि महेंद्र कपूर यांचा स्वर यांतून त्यातील समरगीताने महाराष्ट्र पेटून उठला. ती काळाची हाक होती. परंतु वीररस हा नऊ रसांपैकी एक आहे, एकमेव नव्हे. मराठी माणसाला गणवेशावर हसणे वर्ज्य नाही, हे ‘पांडू हवालदार’ने १९७५मध्ये दाखविले. त्याच्या कितीतरी आधी, १९३८मध्ये, आचार्य अत्रे व मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ने व्रताची नि व्यायामाची थट्टा केली, तरीही आखाडे ओस पडले नाहीत. ज्याची निष्ठा पक्की असते, त्याला विनोदाचे भय नसते.

अर्थात थट्टा आणि टवाळी यांत भेद आहे. सैनिकाच्या त्यागाची टवाळी कोणीही खपवून घेऊ नये. परंतु केवळ त्याच्या तसबिरीला हार घालणारा समाज जिवंत सैनिकाला विसरतो, हेही तितकेच खरे. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन नोकरी शोधणारा, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारा, सुटीत बहिणीचे लग्न उरकणारा माजी किंवा आजी जवान आपल्या शेजारीच राहतो. त्याला पुतळा नको, आपलेपणा हवा. आणि आपलेपणाची पहिली खूण म्हणजे एकत्र हसणे.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला, तेव्हा सारा जिल्हा अभिमानाने लोटला होता. त्या सोहळ्यानंतर घरी परतणाऱ्या खलाशाची कथा अजून कोणी सांगितलेली नाही. देवगडच्या एस.टी. थांब्यावर ट्रंक घेऊन उतरणारा, आंब्याच्या पेट्या भरण्यात हात देणारा, रात्री दशावतारात संकासुराला टोमणा परत करणारा नौसैनिक पडद्यावर यावा. विजयदुर्गाच्या सावलीत वाढलेल्या या भूमीला शौर्य शिकवावे लागत नाही. शौर्याला हसूही शोभते, हे मात्र आपल्या चित्रपटसृष्टीने तिच्याकडून शिकावे.