साधी सुई ४००, लेझर १२००

आईचे गुडघे दाखवायला ज्या ॲक्युपंक्चर क्लिनिकमध्ये गेलो, तिथे भिंतीवर रेटकार्ड होतं. साधी सुई ४०० रुपये, इलेक्ट्रो ७००, लेझर १२००. दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं तर एक फ्री. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो. आता, सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते सर्जन म्हणून, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. तिथून ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणलं ते त्यांच्या पथकातल्या डॉ. बसूंनी. पण कोटणीसांचा फोटो लावला की मराठी पेशंट दारातच निम्मा बरा होत असावा.

मी विचारलं, "यातलं जास्त चांगलं कुठलं?"

"लेझर ॲडव्हान्स्ड आहे, सर."

मी सॉफ्टवेअरवाला. 'प्रो' प्लॅनचं बटण मोठं आणि निळं करायचं काम मी स्वतः केलेलं आहे. तरी लेझरचं पॅकेज घेतलं. वाचायला बसलो ते त्यानंतर. हा क्रम चुकला, हे कबूल.

माझं भांडण सुईशी नाही, त्या रेटकार्डाशी आहे.

आमच्याकडे नवं फीचर खरंच चांगलं आहे का ते बघायचं तर अर्ध्या लोकांना जुनं दाखवतात, अर्ध्यांना नवं, आणि आपल्याला कुठलं मिळालंय हे कुणाला सांगत नाहीत. सुईची अशी चाचणी घ्यायला खोटी सुई लागते: चुकीच्या जागी, वरवर टोचलेली. जर्मनीत हे झालं. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे हजारावर रुग्ण, निष्कर्ष २००६ साली छापले. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटातल्या ५३ टक्के लोकांना ठरलेल्या मापाइतका फरक पडला होता. खोट्या सुयांच्या गटात ५१ टक्के. गोळ्या आणि डॉक्टरांच्या भेटी एवढ्यावरच असलेल्या गटात २९.

हे आकडे नीट बघा. सुई टोचून घेणं आणि न घेणं यात मोठी दरी आहे. पण सुई बरोबर जागी टोचणं आणि भलतीकडे टोचणं यात जवळजवळ काहीच नाही.

लेझरचं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियातला २०१४ चा अभ्यास आहे, पन्नाशीपुढचे २८२ लोक. काहींना सुई, काहींना लेझर, काहींना बंद ठेवलेलं लेझर, काहींना काहीच नाही. मशीन चालू आहे की बंद हे पेशंटला माहीत नव्हतं आणि उपचार करणाऱ्यालाही नव्हतं. बारा आठवड्यांनी चालू लेझर बंद लेझरपेक्षा सरस ठरलं नाही. सुईसुद्धा नाही. म्हणजे १२०० रुपयांत आईला जे मिळत होतं, ते प्लग काढूनही मिळालं असतं.

माझ्या विरोधात जाणारा पुरावाही सांगतो, नाहीतर मीही दुकानदारच. बीजिंगच्या २०२१ च्या अभ्यासात ४८० रुग्ण होते, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. इलेक्ट्रोमध्ये ६०.३ टक्क्यांना गुण आला, हाताने फिरवलेल्या सुईत ५८.६, खोट्या सुईत ४७.३. म्हणजे इथे सुईत काहीतरी आहे असं दिसतं. पण इलेक्ट्रो आणि साध्या सुईमधलं अंतर पुन्हा दोन टक्क्यांच्या आतच. ते ३०० रुपये जास्तीचे कशाचे?

हे सगळं मी आईला लॅपटॉपवर दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "मग मला बरं वाटलं ते खोटं होतं का रे?"

मी गप्प. तिला खरंच बरं वाटत होतं. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचे तीन मजले ती मधे न थांबता चढायला लागली होती. खोट्या सुयांच्या गटातल्या त्या ५१ टक्क्यांचं दुखणंही खोटं नव्हतं, आणि उतारही नव्हता. ह्यूस्टनमध्ये २०१० च्या एका अभ्यासात सुया देणाऱ्यांनाच दोन प्रकारे बोलायला शिकवलं: काहींनी खात्रीने बोलायचं, काहींनी जेमतेम. खरी सुई की खोटी, याने फरक पडला नाही. बोलण्याने पडला, थोडासा का होईना. क्लिनिकमधली मुलगी आईशी अर्धा तास बोलायची. गुडघा कधी दुखतो, उकिडवं बसता येतं का, रात्री झोप लागते का. मी हे प्रश्न कधी विचारले होते? मी यूपीआय केलं होतं.

तेव्हा क्लिनिकवाल्यांनी सरळ सांगावं: तुम्हाला उतार पडू शकतो, पण त्यासाठी महागडा प्रकार लागत नाही. हे सांगणार नाहीत, कारण मग कार्डावर एकच ओळ उरते. आणि त्या कार्डावर कधीच न येणारी गोष्ट म्हणजे व्यायाम. ब्रिटनची 'नाइस' म्हणते, ऑस्टिओआर्थ्रायटिसला ॲक्युपंक्चर देऊच नका. अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ म्हणतात, हवं तर करून बघा. पण व्यायाम कराच, यावर दोघांचं एकमत आहे. खुर्चीत बसायचं, पाय सरळ करायचा, दहा सेकंद धरायचा. याला लेझर व्हर्जन कुठून आणणार?

लेझरची सहा सिटिंग उरली होती. मी फोन करून पैसे परत मागितले. नॉन-रिफंडेबल. मग म्हटलं, साधी सुई तरी द्या, वरचे पैसे ठेवा तुम्ही.

"डाउनग्रेड होत नाही, सर."

आई मंगळवारी जाते. नंबर येईपर्यंत तिथल्याच खुर्चीत बसून पाय सरळ करते, दहा आकडे मोजते. परवा म्हणाली, शेजारच्या दोघी बायकाही करायला लागल्यात.