गोत्र, जीन आणि आळशी विज्ञानकथा





२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात करामामधल्या एका मित्राकडे आम्ही दहा-बारा मराठी डोकी जमलो होतो. विषय साहजिकच विज्ञानकथेवर गेला आणि कुणीतरी म्हणालं, "आता विज्ञानकथेत उरलंय काय? क्लोन झाले, जीन कापून जोडता येऊ लागले. लेखक कल्पना करेपर्यंत ती बातमी होऊन जाते. हा प्रकारच संपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो (बिर्याणी चांगली होती). आज बोलतो. हे म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नव्हे तर सोयीचंही.

आधी आपल्या दारातलं उदाहरण घेऊ. ८ एप्रिल २००९ रोजी दुबईत 'इंजाझ' नावाची सांडणी जन्मली. जगातला हा पहिला क्लोन केलेला उंट. २००५ साली मांसासाठी कापलेल्या एका सांडणीच्या पेशींपासून ती तयार झाली आणि त्या कामामागे होते मूळचे काश्मीरचे डॉ. निसार अहमद वाणी. त्याआधी १९९७ मध्ये डॉली मेंढीची बातमी आली तेव्हा आपण काय काय वाचलं होतं आठवा. क्लोनचं सैन्य येणार, हुकूमशहाच्या शंभर प्रती निघणार! प्रत्यक्षात इथे काय झालं? शर्यती जिंकणाऱ्या आणि सौंदर्यस्पर्धा गाजवणाऱ्या उंटांच्या प्रती निघाल्या. म्हणजे तंत्र आलं ते ज्याच्या खिशात पैसा होता त्याच्या हौसेला. यंत्राचा अंदाज कथांनी बरोबर बांधला होता; गिऱ्हाईक कोण असेल, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

माझा मुद्दा हाच आहे. जनुकतंत्राने विज्ञानकथेचा सोपा विषय हिरावून घेतला, अवघड विषय तसाच शिल्लक आहे. प्रयोगशाळेतून बाहेर पडणारा राक्षस हा सोपा विषय. मेरी शेलीने तो १८१८ मध्येच लिहून ठेवला. ही गोष्ट वधू-वर सूचक मंडळात पोहोचली की काय होतं, हा अवघड विषय. आणि तो आपल्याइतका कुणाच्याच घरात नाही.

आपण राहतो त्या देशाकडे बघा. अमिराती जीनोम कार्यक्रमाचं उद्दिष्ट १० लाख नागरिकांचा जीनोम वाचण्याचं आहे. २०२३ मध्ये मानवी जीनोमच्या वापरासाठी संघीय कायदा झाला. जानेवारी २०२५ पासून लग्न करणाऱ्या अमिराती नागरिकांना जनुकीय तपासणी सक्तीची झाली. तीत ५७० जीन पाहिले जातात आणि ८४० हून जास्त आजारांचा धोका कळतो. याला माझा विरोध नाही. आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे लग्नाआधी कळलेलं बरंच.

पण या बातमीवर आपली मंडळी काय म्हणाली? "यांच्यात चुलत भावंडांची लग्नं होतात ना, म्हणून ही वेळ." आणि वर एक हसू. वा! मामाच्या मुलीवर हक्क सांगणारा समाज कोणता? आजही कोल्हापूर-सोलापूरकडे गेलात तर आत्याच्या घरी सून म्हणून गेलेल्या भाच्या भेटतात. चुलत असो की मामे-आते, सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये सरासरी एक अष्टमांश जीन समान असतात. जीनला चुलता आणि मामा यांतला फरक कळत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

यावर लगेच उत्तर येतं ते ईमेलमधून फॉरवर्ड होत आलेलं (आता व्हॉट्सअ‍ॅपवरून). "आपल्या ऋषींना जेनेटिक्स माहीत होतं. गोत्र म्हणजे वाय क्रोमोसोम. एकनाड म्हणजे जनुकदोष." पाठवणाऱ्यांत इंजिनिअर असतात, डॉक्टरही असतात. जरा हिशेब करू. पन्नास पिढ्यांपूर्वीचा एकच बाप मानणाऱ्या दोन सगोत्र माणसांत त्या नात्यामुळे आलेलं साम्य वाय क्रोमोसोम सोडला तर जवळपास शून्य असतं. त्यांचं लग्न निषिद्ध. मामेबहिणीशी एक अष्टमांश साम्य. तिचं गोत्र वेगळं, म्हणून ते लग्न चालतं. जेनेटिक्स म्हणून हा नियम पहिल्याच पायरीवर नापास होतो. आणि गोत्र वेगळं हवं म्हणणारा माणूस जात मात्र तीच हवी म्हणतो, त्याचं काय?

त्याचं काय, ते जीननेच सांगितलं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार भारतातले समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि पुढे ती दारं बंद झाली. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांमध्ये मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक निघाला. या दोन समाजांतल्या आनुवंशिक आजारांवर पुस्तकं लिहिली गेली आहेत. आपल्याकडे मात्र पोटजातीतलं लग्न म्हणजे 'शुद्ध रक्त'! त्या शुद्धतेची किंमत काही घरांत मुलं मोजतात.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असं मांडलं. १९३६ च्या 'जातिप्रथेच्या विध्वंसना'त त्यांनी जातीच्या वंशशास्त्रीय समर्थनाचाही समाचार घेतला. पुढे जे जीनोममध्ये वाचता आलं त्याची सामाजिक यंत्रणा त्यांनी समाजाकडे बघूनच ओळखली होती. मराठी विज्ञानकथेने हा धागा कितीसा उचलला?

मी नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्यावर वाढलेला वाचक आहे. त्यांचं ऋण मोठं आहे. विज्ञान मराठीत बोलतं केलं ते यांनी. पण माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कथांत शास्त्रज्ञ असतो, शोध असतो, शेवटी कलाटणी असते. पात्रांना आडनावं असतात, जात नसते. इंग्रजीत मंजुळा पद्मनाभन यांनी २००८ च्या 'एस्केप' कादंबरीत स्त्रिया नष्ट केलेला आणि क्लोन सेनापतींनी चालवलेला देश उभा केला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि तरीही हे आकडे. तेव्हा ती कादंबरी मराठीत का लिहिली गेली नाही, असं विचारण्याचा मला हक्क आहे. सोनोग्राफी हे साधं यंत्र होतं. त्याने काय केलं ते आपण पाहिलं. आज अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणांना उंची आणि बुद्धीचे गुण लावून देतात. ती सोय आपल्या जाहिरातींतल्या 'गोरी, उंच, स्वजातीय' या तीन शब्दांना भेटेल तेव्हा काय होईल? हे लिहायला भविष्यवेत्ता लागत नाही. रविवारचं वर्तमानपत्र पुरतं.

आणि दुसरं टोक बघा. सिकलसेल हा विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी व दलित वस्त्यांना चांगला ठाऊक असलेला आजार. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड, लग्नाआधी दोघांनी कार्डं ताडून पाहायची. त्याच वर्षी ब्रिटनने याच आजारावरच्या जनुकसंपादन उपचाराला जगात पहिली मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. म्हणजे एकाच आजारावर एकीकडे जीन दुरुस्त होतो आणि दुसरीकडे हातात कार्ड येतं. गडचिरोलीतल्या एखाद्या मुलीच्या कार्डावर 'वाहक' लिहिलं आहे. ते कार्ड सासरी कोण वाचेल? त्याच कार्डाच्या मुलाचं लग्न मोडेल की तिचंच? यात उडत्या तबकड्या नाहीत, पण याहून मोठी विज्ञानकथा मला तरी दिसत नाही.

कुणी म्हणेल, ही तर सामाजिक कथा झाली, हिच्यात विज्ञान कुठे? इशिगुरोच्या २००५ च्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये प्रयोगशाळेचं दर्शन जवळजवळ होतच नाही. क्लोन म्हणून वाढवलेली मुलं शाळेत जातात, मैत्री करतात आणि अवयव देऊन संपतात. वाचक हादरतो तो त्यांनी हे निमूट मान्य केलं म्हणून. तंत्र नवं, निमूटपणा जुना. विज्ञानकथेचं काम भाकीत करणं हे नव्हेच. आपण कशाला निमूट मान तुकवतो हे नव्या उजेडात दाखवणं, हे तिचं काम. भाकीत खरं ठरलं म्हणून ती संपत नाही. आपण बदलत नाही तोवर ती संपणार नाही.

शेवटी पुन्हा नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव आणि वंश बाजूला ठेवून गुण तपासायचे, ही कल्पना त्यांनी कथेत नव्हे तर स्वतःवर राबवली.

तेव्हा माझी विनंती. आपल्यात डॉक्टर आहेत, लॅबवाले आहेत, रुग्णालयांची संगणकप्रणाली सांभाळणारे आहेत. जीनोमचा डेटा कसा साठवतात, कोण पाहू शकतं, हे आपल्याला पुण्यातल्या लेखकापेक्षा जवळून माहीत आहे. आणि मुला-मुलींच्या लग्नाच्या याद्या आपल्याच टेबलावर आहेत. लिहा. नाहीच जमलं तर निदान पुढच्या वेळी यादीवर नजर टाकताना आडनावावर बोट ठेवा आणि खाली वाचा. तेवढ्यानेही भविष्य थोडं बदलेल.

आपला,
शारजाहून एक सभासद