दुष्काळ जाहीर होतो, खारटपणा होत नाही

सांगली जिल्ह्यात शेतीची दोन टोके एकाच वेळी पाहावयास मिळतात. पूर्वेकडील जत, आटपाडी हे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचे तालुके. तर कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज तालुक्यांत उसाला दिलेले अतोनात पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे मोठे क्षेत्र क्षारपड झाले आहे. शासनदरबारी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाजीपाल्याच्या बियाण्यासाठी मात्र ते एकच संकट आहे.

रुजण्यापूर्वी बी पाणी शोषून फुगावे लागते. कोरड्या मातीत पाणीच नसते. खारट मातीत ते असूनही त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे बियाला सहजासहजी घेता येत नाही. उगवण लांबते, विरळ होते. त्यातच उन्हामुळे ओलावा उडून जातो आणि क्षार वरच्या थरात साचतात. भाजीपाल्याचे बारीक बी नेमके तेथेच पेरलेले असते.

मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असेल, तर ती जमीन रूढ व्याख्येनुसार क्षारयुक्त ठरते. पण घेवड्याची सहनमर्यादा अवघी १, कांद्याची १.२, मिरचीची १.५, तर टोमॅटोची २.५ आहे. मर्यादेपुढील प्रत्येक एककामागे कांद्याचे उत्पादन सुमारे १६ टक्क्यांनी घटते. म्हणजे ३ वाहकतेची जमीन कागदोपत्री निर्दोष असूनही कांदा उत्पादक तेथे चौथ्या हिश्श्याहून अधिक उत्पन्न गमावतो. शिवाय उगवणीच्या वेळी कांदा याहून अधिक क्षार सोसतो. त्यामुळे रोप वर आलेले पाहून शेतकरी निर्धास्त होतो आणि फटका काढणीला कळतो.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. खारटपणाला अशी तारीख नसते. तो वर्षानुवर्षे मुरत जातो.

आता म्हैसाळ व टेंभू उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात पोहोचविले आहे. ते स्वागतार्हच आहे. परंतु पाण्यासोबत क्षारही येतात, आणि ते वाहून नेणारा निचरा नसेल तर केवळ ठिबक सिंचनाने प्रश्न सुटत नाही. कालव्याबरोबरच चर आणि भूमिगत निचरा नळ्यांची तरतूद, तसेच पिकाच्या सहनशक्तीनुसार माती परीक्षण, हे आजच झाले पाहिजे. अन्यथा आजचा तहानलेला जत उद्याचा वाळवा ठरेल.